माळ रिकामा नसतो

वन्यजीवांचे फोटो काढतो म्हटलं, की आमच्या जळोचीत पहिला प्रश्न येतो, ‘ताडोब्याला कितींदा गेलात?’ बारामतीच्या भोवती काढण्यासारखं काही असेल, हे कुणाच्या मनातच येत नाही. मी एमआयडीसीत दुपारपाळीला असतो. सकाळ मोकळी मिळते, आणि तेवढ्या वेळात मोटारसायकलवरून चिंकाऱ्याच्या नाहीतर रोहित पक्ष्यांच्या मुलखात जाऊन येता येतं.

शिर्सुफळचा माळ, सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य, इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी ही माझी ठिकाणं. मयूरेश्वर जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. 1997 साली चिंकाऱ्यासाठी ते राखलं गेलं. वाळलेल्या गवताचा आणि चिंकाऱ्याचा रंग इतका एक, की समोर उभा असला तरी दिसत नाही. हलणाऱ्या शेपटीवरून आधी कळतो. कॅमेऱ्याचंही तसंच. फोकस पुढच्या काडीवर जाऊन बसतो. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरायला लागते आणि भारीतल्या लेन्सचा फोटोही पुसट येतो. म्हणून जे काही मिळायचं ते कोवळ्या उन्हात. त्यासाठी कुसळांत पालथं पडावं लागतं, कारण उभ्यानं काढलेल्या फोटोत हरणामागे नुसती माती येते. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आला, की मागं माळ पसरतो, बाभळी येतात, लांबची वस्तीही येते. मला तोच फोटो आवडतो. नुसतं तोंड भरून काढलेलं हरीण प्राणिसंग्रहालयातही मिळेल.

लांडगा शोधायचा तर मेंढपाळांशी बोलावं. कळपाच्या मागावर तो असतोच आणि कोकरू उचलतोही. नुकसान सोसूनही कित्येक जण त्याच्याबद्दल शेजाऱ्यासारखं बोलतात, याचं मला फार मोठं वाटतं. पायी चालणाऱ्या परक्या माणसाला पाहून चिंकारा पळतो, मेंढरांजवळ मात्र बिनघोर चरतो. म्हणून परवानगी घेऊन कळपाजवळच बसून राहायचं. घराजवळच्या रानाचं सुख हेच, की आज नाही दिसला तरी परवा येता येतं. हळूहळू तीच मादी, तेच पाडस ओळखीचं होतं.

उजनीचा ऋतू वेगळा. 1980 मध्ये भीमेवरचं हे धरण पुरं झालं. त्याचा फुगवटा पावसाळ्यात भरतो, पुढं पाणी उतरलं की भिगवण, डिकसळ, कुंभारगावच्या काठाला उथळ चिखल उघडा पडतो. रोहित येतात ते त्यासाठी. चोच उलटी बुडवून पाण्यातून बारीक जीव गाळून खातात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही इथंच. नाववाले मच्छीमार कुठं थांबायचं ते अचूक जाणतात. पण आलेल्यांना उडता थवाच हवा असतो, मग नाव थेट थव्यात घालायचा आग्रह होतो. दूरवरून आलेल्या पाखरांची खाण्याची वेळ अशी आपल्या एका फोटोपायी मोडावी, हे मला पटत नाही. इंजिन बंद करून थांबलं, तर चारा बघत तीच पुढं सरकतात.

जवळ राहण्याची अडचणही आहे. फोटो टाकला की तासाभरात ‘कुठं?’ विचारणारे येतात, आणि त्यांनाही पोचायला एक सकाळ पुरते. हिवाळ्यात लांडग्याची पिल्लं गुहेत असतात; तिथं गाड्या जमल्या तर मादी एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते.

त्याहून मोठा घोर माळाचाच आहे. कागदोपत्री अशी बरीच जमीन ‘पडीक’ ठरते. कुणाला तिथं कारखाना दिसतो, तर कुणाला वृक्षारोपण. झाडं लावली की भलंच झालं, असं आपण धरून चालतो. पण धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, चिंकाऱ्याला लांबवर नजर पोचणारं रान लागतं. दाट झाडोऱ्यात यांना जागा नाही. वन विभागानं अलीकडे शिर्सुफळ आणि कडबनवाडीला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. माळ बघायला माणसं तिकीट काढतात, हे पाहून मला खरंच बरं वाटतं.

माझ्या फोटोंखाली मी फक्त तालुक्याचं नाव लिहितो. नवीन मुलं विचारतात, तेव्हा जागा सांगत नाही, सोबत घेऊन जातो.