शिफ्ट सुरू झाली, बाळाच्या दुधाचं काय?

आज बोलूया कुपवाड एमआयडीसीत कामावर परतणाऱ्या आयांबद्दल. ‘ड्यूटी सुरू, आता बाटलीच!’ असं मी सारखं ऐकते. थांबा! बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीशिवाय पाजायला रोज दोन सुट्ट्या, हा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनचा हक्क आहे. तो मागा.

घर लांब आहे? हात धुऊन दूध काढा, झाकणाच्या स्वच्छ डब्यात भरा. फ्रीजमध्ये ते ४ दिवस टिकतं. बाहेर २५ अंशांपर्यंत ४ तास. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र बाहेर ठेवूच नका. आजीने ते वाटी-चमच्याने पाजावं. बाटलीचं निपल नीट धुऊन निघत नाही. पावडर द्यावीच लागली, तर डॉक्टरांना विचारून, डब्यावरच्या मापानेच. पुरवायला पाणी वाढवलं, तर पोट भरतं, पण पोषण होत नाही.

कामावर निघालेल्या मैत्रिणीला हे नक्की पाठवा!