पावणेचार म्हणजे चारपेक्षा कमी



आमच्या नागपूरच्या वसतिगृहाला भेट देणारे पुष्कळ जण एक प्रश्न विचारतात. मुलांना पाढे येतात, उभी वजाबाकी येते, मग अपूर्णांकापाशी ती का अडतात? सहावी-सातवीचा संध्याकाळचा गणिताचा वर्ग मी घेतो, म्हणून उत्तर द्यायची पाळीही माझ्यावरच येते.

माझ्या मते ही अडचण निम्मी गणिताची आणि निम्मी शब्दांची आहे. आपण मराठी घरांत वाढलेली माणसे सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन हे शब्द न शिकताच शिकतो. आमची बरीचशी मुले घरी गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलतात. गोंडी द्राविडी कुळातली, कोरकू मुंडा कुळातली. संस्कृतातून मराठीत उतरलेल्या या शब्दांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ‘पावणेचार’ ऐकले की मुलाला ‘पाव’ आणि ‘चार’ ऐकू येते आणि तो वहीत ४ १/४ लिहितो. खरे तर या शब्दातच वजाबाकी दडलेली आहे. ‘ऊन’ म्हणजे उणे. पाव उणे ते पाऊण, पाव उणे चार ते पावणेचार. एकोणीस म्हणजे एक उणे वीस, हे सांगितले की मुलांना गंमत वाटते आणि ‘पावणे’ पक्के बसते.

शब्द समजला की बाजाराकडे वळतो, कारण याची खरी गरज तिथेच आहे. घरची बाई वाळवलेला मोह पोत्यात भरून आठवडी बाजारात नेते. काट्यावर पोत्यासह वजन भरते सव्वाअठरा किलो. रिकामे पोते पाऊण किलोचे. मोह किती?

१८ १/४ − ३/४. पावातून पाऊण जात नाही. म्हणून १८ मधला एक पूर्ण सुटा करायचा. त्याचे चार पाव होतात, आधीचा एक मिळून पाच. आता १७ ५/४ − ३/४ = १७ २/४, म्हणजे साडेसतरा किलो. शाळेच्या पुस्तकातली रीत हीच.

बायका बाजारात तोंडी हिशेब करतात तो वेगळा, आणि मला तो जास्त आवडतो. पाऊणपासून वर चढत जायचे. पाऊण ते एक, पाव. एक ते अठरा, सतरा. अठरा ते सव्वाअठरा, आणखी पाव. साडेसतरा. एकही आकडा खोडावा लागला नाही. मी दोन्ही रीती शिकवतो आणि एकीचे उत्तर दुसरीने ताडून पाहायला लावतो.

आता व्यापारी म्हणाला, “बारदान्याचा कडता दीड किलो.” १८ १/४ − १ १/२ म्हणजे १७ ५/४ − १ २/४ = १६ ३/४. पैसे पावणेसतरा किलोचे मिळणार. साडेसतरातून पावणेसतरा गेले की उरतो पाऊण किलो, तेवढा मोह फुकट गेला. भाव चाळीस रुपये धरला तर एका पोत्यामागे तीस रुपये. सगळेच व्यापारी असे करत नाहीत. पण कडता बरोबर आहे की नाही हे काट्यापाशी उभे राहूनच कळायला हवे, घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

तेंदूपत्त्याचे उदाहरण पडताळ्यासाठी फार सोयीचे. आपल्याकडे सत्तर पानांचा एक पुडा बांधतात. सव्वातीन शेकडा पुडे नेले, अर्धा शेकडा खराब म्हणून बाजूला काढले; ३ १/४ − १/२ = २ ३/४. तेच पुड्यांत मोजा: ३२५ − ५० = २७५. पावणेतीन शेकडाच. किलोचे ग्रॅम, तासाची मिनिटे करूनही असाच पडताळा घेता येतो.

छेद वेगळे आले की मुले पुन्हा बिचकतात. त्यासाठी गावाकडची बस घेतो. समजा, पावणेदहाला निघालेली बस दुपारी सव्वा वाजता पोचली. दुपारचा एक म्हणजे तेरा, म्हणून १३ १/४ − ९ ३/४ = ३ १/२ तास. वाटेत वीस मिनिटे थांबली, म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा. मग बस प्रत्यक्ष चालली किती? ३ १/२ − १/३. अर्धा आणि तिसरा हिस्सा यांचे तुकडे सारखे नाहीत, म्हणून दोघांचे सहावे हिस्से करायचे: ३ ३/६ − २/६ = ३ १/६. तीन तास दहा मिनिटे. घड्याळ पाहून मुले स्वतःच खात्री करतात. ‘समच्छेद’ हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहितो, आधी नाही.

हल्ली बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले आहेत. त्यांवर १८.२५० असे दिसते, आणि ते सव्वाअठरा आहे हे ओळखणे हा वेगळा धडा. मोह मार्च-एप्रिलमध्ये गळतो. वाळवलेला माल पुष्कळ घरांत सुटीपर्यंत असतो. म्हणून उन्हाळी सुटीला जाताना प्रत्येकाच्या वहीत तीन रकाने आखून देतो: भरलेल्या पोत्याचे वजन, रिकाम्या पोत्याचे वजन, व्यापाऱ्याने धरलेला कडता. रिकामे पोते बाजारात जाण्याआधी गावातल्या दुकानात तोलून घ्यायचे, एवढीच अट.