पानपतीं राहिलेल्यांचा शोध : पाथरी-परतूर भागांतील दप्तरांच्या अनुरोधानें

परभणी जिल्ह्यांतील पाथरी हें आज तालुक्याचें गांव आहे. परंतु ऐने-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या एका सरकारास त्याचें नांव दिलेलें आढळतें. तेथून वायव्येस दोन मजलांवर परतूर. उदगीरचा विजय मिळवून आल्यावर १७६० च्या मार्चांत सदाशिवरावभाऊ व नानासाहेब पेशवे यांची परतुरास गांठ पडली, उत्तरेच्या स्वारीचा निश्चय तेथेंच झाला व तेथूनच भाऊंनीं कूच केलें. पुढें दहा महिन्यांनीं, शके १६८२ पौष शुद्ध ८, बुधवार, तारीख १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपत झालें. स्वारीचा आरंभ या प्रांतीं झाला हें सर्वश्रुत आहे. स्वारींतून परत न आलेल्या माणसांचा हिशेब या प्रांतींच्या दप्तरांस जितक्या निकडीनें विचारावयास हवा होता तितका विचारला गेला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ज्या सावकारी पत्रानें ही वार्ता नानासाहेबांस भिलशाकडे पोंचली, त्यांत मोत्यें, मोहरा व खुर्दा अशा सांकेतिक भाषेंत नुकसान कळविलें होतें हें वाचकांस ठाऊकच आहे. त्या पत्रांतील मर्म असें, कीं मोत्यांची व मोहरांची संख्या लेखकानें दिली, आणि खुर्द्याची गणती होत नाहीं म्हणून सोडून दिली. पुढील इतिहासकारांनींही बहुधा तोच क्रम राखला आहे.

पण मोत्यांचा हिशेब तरी निर्विवाद लागला काय? भाऊंच्या देहाविषयीं काशीराज पंडित याची साक्ष उपलब्ध आहे. हा शुजाउद्दौल्याच्या पदरीं होता. त्यानें १७८० मध्यें फारशींत हकीकत लिहिली व कर्नल ब्राउन यानें तिचें इंग्रजी भाषांतर केलें. विश्वासरावांचें शव लागलेंच ओळखलें गेलें. भाऊंस ओळखणारीं दक्षिणी माणसें बरोबर घेऊन शुजा रणांगणावर गेला, तेव्हां एक शिरावेगळें धड सांपडलें. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग. पाठीवर मुजफरखान गारद्याच्या प्रकरणांतील कट्यारीच्या वाराची खूण. पायावर सामुद्रिकांतील शुभरेषा. हातांस व गुडघ्यांस नित्याच्या सूर्यनमस्कारांचे घट्टे. शीर मागाहून हातीं आलें व दहन झालें. काशीराजानें हें लढाईनंतर सुमारें वीस वर्षांनीं लिहिलें, हें ध्यानांत धरूनही त्याची साक्ष आम्ही बळकट मानतों. कारण घट्ट्यांसारखी खूण नुसत्या कल्पनेनें सुचत नाहीं.

असें असतां पुण्यास मन मानेना. भाऊ जिवंत असल्याच्या वार्ता उठतच राहिल्या, आणि पार्वतीबाईंनीं कुंकू उतरविलें नाहीं. या अनिश्चिततेचा फायदा एका कनोजी ब्राह्मणानें घेतला. माधवरावांच्या कारकीर्दींत त्याची चौकशी होऊन तो तोतया ठरला व किल्ल्यावर कैदेंत पडला. परंतु १७७६ मध्यें रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानेंच त्यास मोकळें केलें. कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले, फौज घाट चढूं लागली, व महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांस त्यावर धाडावें लागलें. पळतांना राघोजी आंग्र्यानें त्यास धरलें, आणि पुण्यास पुन्हां पंचांसमोर चौकशी होऊन त्याच वर्षीं त्यास देहान्त शासन झालें. जानकोजी शिंद्यांच्या नांवाचाही तोतया निघालाच होता. ज्या देहाची ओळख इतक्या खुणांनीं पटली होती, त्याच्या नांवावर पंधरा वर्षांनीं राज्य हालतें, तर ज्या शिलेदाराचें धडही कोणी शोधलें नाहीं, त्याच्या घरीं काय झालें असेल?

येथें आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतों. फौजेच्या याद्यांत व पत्रांत येणारे शब्द संग्राहकांनीं निरनिराळे जपावे. ‘कामास आला’ म्हणजे मृत्यु ठरला. ‘पाडाव झाला’ म्हणजे शत्रूच्या हातीं सांपडला. ‘ठिकाण लागत नाहीं’ म्हणजे यांपैकीं कांहींच ठरलें नाहीं. सूची करतांना हे तिन्ही ‘मृत’ या एकाच सदराखालीं घालण्याची संवय फार घातक आहे. पहिल्याच्या मुलांस बालपरवेशी मिळूं शकते. तिसऱ्याच्या घरीं वतन कोणाच्या नांवें चालवावें, येथूनच तंटा लागतो.

धर्मशास्त्रानेंही या तिसऱ्या वर्गाची सोय वेगळी केली आहे. परागंदा मनुष्याची वाट बहुधा बारा वर्षें पाहावी, नंतर पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून दहन करावें व तेथून सुतक धरावें, असा पालाशविधि आहे. शस्त्रानें मेलेल्याचें श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीस, व तिथि न कळल्यास सर्वपित्री अमावास्येस. आतां हिशेब पाहावा : पौष १६८२ पासून बारा वर्षें पौष १६९४ मध्यें, म्हणजे १७७३ च्या आरंभीं, पुरीं होतात. आमचें अनुमान असें, कीं ज्या घरांचा माणूस पानपतीं राहिला, त्या घरांतील दत्तकपत्रें, वाटणीपत्रें, वतनाचे महजर व कर्जाचे निवाडे त्या सुमारास एकाएकीं वाढलेले आढळावे. १७६१ चे कागद आपण बारकाईनें धुंडाळतों. शके १६९४ ते १६९६ चे रुमाल मात्र घरगुती म्हणून बाजूस ठेवतों. ही चूक आमच्याही हातून झाली आहे, व ती कबूल करावयास संकोच नाहीं.

तीर्थोपाध्यांच्या वह्या हें दुसरें साधन. नाशिक, त्र्यंबक, पैठण येथील नामावळींत यजमान आपल्या पूर्वजांचीं व आप्तांचीं नांवें सांगतो. भाऊभाऊ एकत्र आले असतां एकाचें नांव दोन पिढ्यांत कोठेंच न येणें, हीही नोंदच होय. पाथरीची मंडळी गोदातीरची. त्यांच्या वह्या जवळच्या क्षेत्रीं प्रथम पाहाव्या.

हरियाणांतील रोड समाजांतील कांहीं जण व बलुचिस्तानांतील डेरा बुगटीकडील मराठा म्हणविणारे लोक पानिपतच्या मराठ्यांशीं आपला संबंध सांगतात. परंपरा आदरणीय, पण दक्षिणेंतील एखाद्या घराण्याच्या कागदांशीं जुळेपर्यंत ती पुराव्याच्या कोटींत येत नाहीं. पहिल्या महायुद्धांत पश्चिम आघाडीवर पडलेल्या व कबर ठाऊक नसलेल्या ४,७०० हून अधिक हिंदी शिपायांचें व मजुरांचें स्मारक फ्रान्समध्यें नव-शापेल येथें १९२७ सालीं उभें राहिलें. तें शक्य झालें, कारण पलटणींच्या याद्यांत प्रत्येकाचें नांव आधींच होतें. आपल्या शिलेदाराचें नांव सरदाराच्या पथकांत बुडालेलें, व पथकाची यादी सरदाराबरोबर रणांत गेलेली.

म्हणून पाथरी, परतूर, सेलू, मानवत या बाजूच्या देशमुख, देशपांडे व कुलकर्णी घराण्यांतील दप्तरें ज्यांच्या हातीं आहेत त्यांस विनंति, कीं वर सांगितलेल्या तीन वर्षांचे मोडी कागद प्रथम उलगडावे. हा मुलूख पुढेंही १९४८ पर्यंत निजामाकडे असल्यामुळें फारशी कागदही सोबत असतील. ते वाचतां येत नाहींत म्हणून वेगळे काढून विकूं नयेत. रुमालाचा मूळ क्रम मोडण्यापूर्वीं त्याची नोंद करावी, व ‘ठिकाण लागत नाहीं’ या अर्थाचें वाक्य जेथें सांपडेल तेथें माणसाचें नांव, गांव, पथक व कागदाची तिथि एवढें उतरून त्रैमासिकाकडे पाठवावें. एकेक नांव आलें तरी छापूं.