निकाहची सीडी अजून चालते का?

कपाटाच्या वरच्या खणात, अल्बमच्या शेजारी, अनेक घरांत दोन-चार सीडी-डीव्हीडी पडून असतात. एकीवर निकाह, दुसरीवर अकीका, तिसरीवर हजहून परतलेल्या दादाजींचे स्वागत. त्यातील काही माणसे आज हयात नाहीत. त्यांचा आवाज कदाचित त्या चकतीवरच उरला असेल.

सिनेमाच्या तयार सीडीत माहिती कारखान्यातच ठशाने उमटवलेली असते. फोटोग्राफरने भरून दिलेली सीडी वेगळी. तिच्यात रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेसरने त्यावर खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता व दमटपणा यांनी हा थर हळूहळू बिघडतो. म्हणून एकही ओरखडा नसलेली सीडीसुद्धा एक दिवस उघडेनाशी होते.

चकतीची निगा

आपण चमकत्या बाजूला जपतो. पण सीडीची खरी नाजूक बाजू नावाची. खालून १.२ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक असते, वरून मात्र वार्निशसारखा पातळ लेपच. त्यावर बॉलपेनने लिहू नका, कागदी लेबल चिकटवू नका. डीव्हीडीत माहितीचा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो. ती वाकवली तर जोड सुटू शकतो.

चकती कडेला व मधल्या छिद्राला धरा. पुसायची झाल्यास मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. गोल ओरखडा माहितीच्या रांगेवरूनच जातो आणि जास्त नुकसान करतो. नंतर कडक डबीत, उभी, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवा. खिडकीपाशी किंवा टीव्हीवर ठेवू नका. कोकणासारख्या दमट हवेत पावसाळ्यात विशेष जपा.

ड्राइव्हची निगा

धुळीची चकती आत घातली की धूळ भिंगापर्यंत पोहोचते. ट्रे हाताने ढकलू नका, बटण दाबा. तडा गेलेली चकती कधीच घालू नका; वेगवान ड्राइव्हमध्ये ती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि फुटू शकते. कॅमेऱ्यातील ८ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नये. अशी डीव्हीडी ‘फायनलाइज’ केलेली नसेल तर ती बहुधा मूळ कॅमेऱ्यातच उघडते. म्हणून तो कॅमेरा भंगारात देण्याआधी विचार करा.

आता काय करावे?

नव्या लॅपटॉपमध्ये सहसा ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळतो. सर्व चकत्यांची नक्कल हार्ड डिस्कवर घ्या. एक सीडी साधारण ७०० एमबीची, डीव्हीडी ४.७ जीबीची; म्हणजे जागा फार लागत नाही. एक चकती अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा, पुष्कळदा उघडते. दुसरी नक्कल नातेवाइकांच्या घरी ठेवा. पेन ड्राइव्हही कायमचा नसतो.

नक्कल झाली की घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ती पाहा आणि कोण कोण दिसते त्यांची नावे लिहून घ्या. चेहरे ओळखणारी माणसे आहेत, तोवरच हे काम होईल.