अळूच्या पानावरचं सोनं

नागावच्या वाडीत सकाळी पंप सुरू झाला की पाटाकडेच्या अळूवर पाणी उडतं. पानावर ते पसरत नाही. गोळा होतं, पाऱ्यासारखं इकडून तिकडे पळतं. सोनंही हेच करतं. फक्त थर अतिशय पातळ हवा, आणि सोनं वितळायला हवं.

काचेवर दहा नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर चढवायचा. म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्यावर लेसरचा एकच झोत, सेकंदाचे जेमतेम काही अब्जांश टिकणारा. सोनं वितळतं, काचेला चिकटून राहणं त्याला नकोसं होतं, थर फाटतो, थेंब होतात आणि लगेच थिजतात. लेसर इथं छिन्नी नाही, चूल आहे. आकार देतो तो पृष्ठताण. माणसाची कारागिरी आच नेमकी कधी काढायची, एवढीच. (सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि अशा कामांत वापरल्या जाणाऱ्या एका लेसरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.)

थेंबांच्या रांगाही लावता येतात. दोन झोत एकमेकांवर पाडले की उजेड-अंधाराच्या रेघा उमटतात, ओहोटीनंतर ओल्या वाळूवर वळ्या राहतात तशा. सोनं त्या रेघांच्या बेतानं जमतं.

इतकं बारीक सोनं मात्र पिवळं राहत नाही. त्यातले इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशासोबत झुलतात, तो गिळतात, आणि कण लालसर दिसतात. चांदीचे गोल कण पिवळे, चपटे त्रिकोण निळे. धातू तोच, आकार बदलला की रंग बदलला.

या विषयाचा एक धागा पुण्यात आहे. १९८७ साली पुणे विद्यापीठातल्या पी. पी. पाटील, सतीशचंद्र ओगले, वि. ग. भिडे आणि सहकाऱ्यांनी पाण्यात बुडवलेल्या लोखंडावर रुबी लेसरचे झोत मारले. पृष्ठभाग क्षणात वितळला, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया झाली, आणि त्याच पाण्यानं त्याला झटक्यात थंडही केलं. एरवी टिकला नसता असा ऑक्साइडचा थर तिथं गोठून राहिला. ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये हे काम छापून आलं. द्रवात लेसर मारून सोन्या-चांदीचे नॅनोकण काढण्याच्या आजच्या पद्धतीची सुरुवात सांगताना या शोधनिबंधाचं नाव घेतलं जातं.

लोखंडावर ऑक्साइड चढायला लेसरला क्षण पुरला; वाडीतल्या पंपाच्या लोखंडी पाइपावर खारा वारा दोन-तीन पावसाळे राबतो, तेव्हा कुठे गंजाचे पापुद्रे सुटायला लागतात.