कॅमशाफ्टची पहिली वीस मिनिटे

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा आमची पद्मिनी कामोठ्यातल्या एका गॅरेजात इंजिनाविना उभी होती. गाडी वडिलांची. इंजिन नव्याने बांधले, नवा कॅमशाफ्ट बसवला आणि चालू केल्यावर दहा-बारा मिनिटे गाडी स्लोवर ठेवून आम्ही कार्बोरेटर जुळवत बसलो. आवाज गोड होता. आठवड्याभरात टकटक सुरू झाली. ऑइल काढले तर त्यात लोखंडाची चमचमती भुकटी, आणि कॅमचे दोन लोब घासून गोल झालेले. चूक मिस्त्रींची जेवढी, तेवढीच माझी. ती नेमकी कोणती, याचा शोध घेताना जे उमगले ते इथे मांडतो.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनत असे. मूळ घडण इटलीच्या फियाट ११०० ची. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये असतो. त्याच्यावरचे आठ लोब टॅपेटना उचलतात, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. आजच्या अनेक गाड्यांत लोबवर रोलर फिरतो. इथे लोखंडावर लोखंड सरळ घासते.

सपाट दिसणारा टॅपेटचा तळ अशा इंजिनांत सहसा पूर्ण सपाट नसतो. त्याला अगदी किंचित फुगवटा असतो आणि लोबला किंचित उतार. त्यामुळे प्रत्येक उचलीबरोबर टॅपेट स्वतःभोवती थोडा फिरतो आणि झीज एकाच जागी होत नाही. नव्या कॅमवर नवा टॅपेट या जोडीचे पृष्ठभाग अजून एकमेकांना ओळखत नसतात. पहिल्या काही मिनिटांत त्यांवरचे सूक्ष्म उंचवटे घासून जुळतात आणि मग पृष्ठभाग टिकाऊ होतो. हे जुळणे बिघडले, तर टॅपेट फिरायचा थांबतो आणि लोब खाऊन टाकतो. म्हणूनच नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही वापरू नयेत.

मग स्लोवर ठेवण्यात बिघडले काय? दोन गोष्टी. लोबना पंपाचे ऑइल थेट मिळत नाही. क्रँक फिरताना उडवते त्या शिंतोड्यांवरच त्यांची बरीचशी मदार असते. क्रँक हळू फिरला की शिंतोडेही कमी. दुसरे असे की, वेग वाढला की लोबच्या टोकावर येणारा स्प्रिंगचा भार टॅपेट-पुशरॉडच्या गतीमुळे थोडा हलका होतो. स्लोवर मात्र तो पूर्ण पडतो. म्हणजे ऑइल सर्वांत कमी आणि दाब सर्वांत जास्त, अशा अवस्थेत आम्ही नव्या कॅमला दहा मिनिटे बसवून ठेवले होते.

दुसऱ्या खेपेला तयारी आधी केली. लोबांवर आणि टॅपेटच्या तळांवर मॉलिब्डेनमची काळी पेस्ट चोपडली. टायमिंग आणि टॅपेटचा गॅप आधीच लावला, रेडिएटर व कार्बोरेटर भरून घेतले; कारण बराच वेळ सेल्फ मारत बसले तर पेस्ट पुसली जाते. ऑइल जस्त-फॉस्फरसयुक्त झेडडीडीपी भरपूर असलेले निवडले. उष्णता आणि दाबाखाली ते लोखंडावर संरक्षक थर चढवते. यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक ठरतो, म्हणून आधुनिक पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये त्याचे प्रमाण घटवले आहे. नव्या गाडीचे महागडे ऑइल जुन्या गाडीला म्हणूनच सोसत नाही.

गाडी सुरू होताच रेस दोन हजारांवर नेली आणि वीस मिनिटे दोन ते अडीच हजारांमध्ये खालीवर करत ठेवली. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे दोन हजारांवरही वीस मिनिटांत प्रत्येक लोबने टॅपेट वीस हजार वेळा उचलला. मध्येच होजमधून पाणी गळू लागले. स्लोवर न आणता गाडी सरळ बंद केली, होज आवळला आणि राहिलेली मिनिटे नंतर पुरी केली. मग ते ऑइल लगेच काढून टाकले.

या वेळी ते मी पांढऱ्या फडक्यावर ओतून, चुंबक फिरवून पाहिले. थोडी काळी पेस्ट होती, चमचम नव्हती. वडील शेजारीच उभे होते. म्हणाले, "आता स्लोवर ठेव, ऐकू दे."