शेवटच्या दहा रात्री

व्रताचा आरंभ करणे फारसे अवघड नसते. संकल्पाच्या दिवशी अंगात उत्साह असतो, घरात नवेपण असते आणि चार लोकांचे लक्षही आपल्याकडे असते. खरी परीक्षा पुढे, अर्धे अंतर चालून गेल्यावर सुरू होते. उपोषणाचा थोडाफार अनुभव आम्हांसही आहे. पहिल्या दिवशी भूक लागते, चौथ्या-पाचव्या दिवशी ती मरते, आणि मग माणसाचे मन सुटकेचे दिवस मोजू लागते. एकदा हे मोजणे सुरू झाले की व्रत उरते ते केवळ देहापुरते. 2025 सालच्या मार्चच्या अखेरीस हैदराबादेत आम्ही जे पाहिले, त्याने ही जुनी गोष्ट पुन्हा मनात जागी झाली.

काही कामानिमित्त आम्ही तेथे गेलो होतो व विद्यानगरात एका जुन्या स्नेह्यांकडे उतरलो होतो. उस्मानिया विद्यापीठाच्या सावलीत वाढलेली ही वस्ती. 1918 साली निजामाच्या राज्यात हे विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले आणि 1938 साली तेथील वसतिगृहांतून विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. त्या आग्रहापायी ज्यांना विद्यापीठ सोडावे लागले त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला, पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. आमच्या किनाऱ्याचाही या वस्तीशी एक धागा आहे. दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे रुग्णालय विद्यानगरातच उभे आहे, आणि त्यांचे पती चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले. मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारा हा कोकणचा सुपुत्र 1982 साली हैदराबादेतच निवर्तला. असो. सांगायचे ते वेगळेच आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा रमजानचा अखेरचा ‘अशरा’, म्हणजे शेवटचे दशक, चालू होते. या महिन्याचे तीन भाग मानतात: पहिले दहा दिवस कृपेचे, दुसरे दहा क्षमेचे आणि शेवटचे मुक्तीचे. आपल्या पंचांगात अधिक मास घालून चांद्र वर्षाची सौर वर्षाशी सांगड घालतात. हिजरी गणनेत तशी सोय नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत सुमारे तेहेतीस वर्षांत सर्व ऋतूंची प्रदक्षिणा करतो. त्या वर्षी तो तेलंगणाच्या कडक मार्चमध्ये आला होता. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, तेरा तासांहून अधिक काळ, पाण्याचा घोटही नाही, आणि असे तीन आठवडे लोटलेले. सकाळी कचेऱ्यांकडे जाणाऱ्या रोजेदारांच्या चेहऱ्यांवर तो शीण स्पष्ट दिसत होता.

आणि नेमक्या याच वेळी, देह थकलेला असताना, त्यांचा धर्म सांगतो की आता अधिक जागा. ज्या रात्री कुराणाचे अवतरण झाले ती ‘शबे कद्र’ या दहा रात्रींतच, बहुधा एखाद्या विषम रात्री, येते असे मानतात. ती हजार महिन्यांहून श्रेष्ठ. हजार महिने म्हणजे त्र्याऐंशी वर्षे चार महिने. बहुतेकांना लाभणाऱ्या आयुष्याहूनही थोडे अधिकच. पण ती रात्र कोणती हे निश्चित सांगितलेले नाही. यामागे मानवी स्वभावाची केवढी जाण आहे! तिथी ठाऊक झाली असती तर माणूस ती एकच रात्र जागला असता आणि उरलेल्या नऊ रात्री निर्धास्त झोपला असता. तरीही माणूस तो माणूसच. आपल्याकडे सर्वसाधारण लोकांनी सत्ताविसावी रात्र पक्की करून टाकली आहे, आणि त्या रात्री मशिदीत जी गर्दी उसळते ती तेविसाव्या किंवा पंचविसाव्या रात्री नसते. आम्हां हिंदूंना यात नवल वाटण्याचे कारण नाही. ‘कोण जागतो आहे’ असे विचारीत लक्ष्मी फिरते ती कोजागरीची रात्र आपण मसाल्याच्या दुधावर भागविली आहेच की.

आमच्या स्नेह्यांच्या शेजारी एक वृद्ध मुसलमान गृहस्थ राहतात. मूळचे परभणीकडचे, शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, आमच्याशी स्वच्छ मराठी बोलणारे. त्यांची भेट मात्र या खेपेस होईना, कारण ते ‘एतेकाफ’ला बसले होते. विसाव्या रोज्याच्या सूर्यास्तापासून ईदचा चंद्र दिसेपर्यंत मशिदीतच राहावयाचे, तेथेच खावयाचे, तेथेच निजावयाचे, नमाज व पठण यांत काळ घालवावयाचा आणि अपरिहार्य गरजेवाचून उंबरठा ओलांडावयाचा नाही, असे हे व्रत. त्यातील एक नियम आम्हांस फार विलक्षण वाटला. भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान ज्या हनफी परंपरेचे आहेत, तिच्यानुसार मोहल्ल्यातून एक जरी माणूस असा बसला तरी साऱ्या मोहल्ल्याचे कर्तव्य पार पडते. एकही न बसला तर दोष मात्र सर्वांना लागतो.

हे ऐकताच आम्हांस आपल्याकडील अखंड नामसप्ताह आठवला. सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने ती गळ्यात घ्यावयाची. गाव झोपलेले असते, पण कोणी तरी एक त्याच्या वतीने उभा असतो. आमच्या वास्कोतील दामोदर सप्ताहातही भजनाचा सूर चोवीस तास तुटू देत नाहीत, आणि ही परंपरा सव्वाशे वर्षांची झाली आहे. परंतु येथे आम्हांस स्वतःलाच एक प्रश्न विचारावासा वाटतो. सप्ताह चोवीस तासांचा आणि त्याची फेरी कित्येक दिवसांची. मग वास्कोस जाणाऱ्यांपैकी किती जण देवळासमोर घटकाभर बसतात आणि किती जण फेरीतल्या दुकानांतूनच परत फिरतात?

हैदराबादेतही हेच द्वंद्व दिसले, आणि अधिक ठळकपणे दिसले. रात्रीचे दहा वाजून गेले की चारमिनार, पथ्थरगट्टी, लाड बाजार या भागांत पाऊल ठेवावयास जागा नसते. बांगड्या, अत्तरे, कपडे, पादत्राणे, शेवया, खजूर. दिव्यांच्या झगमगाटात 1591 सालचे ते चार मनोरेही जरा संकोचल्यासारखे वाटतात. ठिकठिकाणी विटांच्या भट्ट्यांवर हलीमच्या देगा चढलेल्या असतात. गहू, मांस, डाळी आणि तूप तासन्‌तास शिजवून लाकडी घोटण्यांनी एकजीव केलेल्या या पदार्थास 2010 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यासाठी रांगेत उभे राहणाऱ्यांत हिंदू तरुणही पुष्कळ होते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. शेजाऱ्याच्या सणाशी ओळख जिभेवाटे झाली तरी ती ओळखच. पण ती तेथेच थांबावी आणि रमजान म्हणजे हलीम एवढीच गोष्ट मनात राहावी, हे काही बरे नव्हे.

कारण ज्या दहा रात्री एकांतासाठी राखलेल्या, त्याच दहा रात्री बाजाराच्या वर्षभराच्या कमाईच्याही झाल्या आहेत. याचा भार कोणावर पडतो ते पाहावे. ईदच्या सकाळी सर्वांना नवे कपडे हवेत म्हणून शिंपी या दहा रात्री जागतो, पण यंत्रावर. दुकानातील नोकर पोरगा पहाटेच्या ‘सहेरी’पर्यंत कापड उलगडीत असतो. आणि घरातील स्त्री? स्नेह्यांच्या पत्नीने त्या वृद्ध गृहस्थांच्या बायकोची सहज चौकशी केली, तेव्हा ती हसत म्हणाली, “वहिनी, हे बसलेत मशिदीत. सहेरी माझी, इफ्तार माझी, त्यांचा डबा माझा, अन् बाजारही माझाच. मी कवा बसू?” घराच्या एका कोपऱ्यात स्त्रीनेही एतेकाफला बसण्याची मोकळीक त्यांच्या धर्मात आहे, चूल तेवढी ती मोकळीक देत नाही. चतुर्थीच्या आधीचे आठ दिवस आपल्या घरांतील स्त्रियांचे कसे जातात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी या बाबतीत शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये.

या शेवटच्या दिवसांतील एका गोष्टीचे मात्र आम्हांस मनापासून कौतुक वाटले. ऐपतीच्या माणसाने आपल्या वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, ‘जकात’ म्हणून द्यावयाचा. तो पुष्कळ लोक याच महिन्यात देतात. त्याखेरीज ‘फितरा’ वेगळा. घरातील तान्ह्या मुलासकट दरडोई साधारण पावणेदोन किलो गहू अथवा त्याची किंमत, आणि तीही ईदच्या नमाजाआधी. नमाज झाल्यावर दिले तर ते फितरा न राहता साधे दान ठरते. ही वेळेची अट आम्हांस रकमेहून महत्त्वाची वाटते. गरिबाच्या घरी सणाच्या सकाळी चूल पेटली पाहिजे. सण आटोपल्यावर उरलेसुरले वाढून काय उपयोग? आपल्याकडे अन्नदान पुष्कळ होते, पण पहिली पंगत कोणाची असते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

यावर कोणी वाचक म्हणतील, परधर्मीयांच्या व्रतांची ही उठाठेव तुम्हांस कशाला? आणि तीही हैदराबादेतली? आमच्या स्नेह्यांच्या आधीच्या पिढीने रझाकारांचे दिवस पाहिले आहेत. 1948 च्या सप्टेंबरात निजामाने शरणागती पत्करीपर्यंत त्यांच्या मराठवाड्यातील घरी रात्री दिवा लावण्याची सोय नव्हती. ती आठवण त्यांनी पुसलेली नाही आणि पुसावी असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु त्याच घरातून आज शेजाऱ्याच्या इफ्तारसाठी खजूर जातो आणि शेजाऱ्याचा डबा मशिदीत पोहोचविण्यास स्नेह्यांचा नातू जातो. इतिहास लक्षात ठेवूनही शेजार करता येतो, हे त्यांनी आम्हांस सांगितले नाही. आम्ही ते तेथे राहून पाहिले.

त्या वर्षी 30 मार्चला गुढीपाडवा होता. तेलुगू शेजाऱ्यांची उगादी तीच. दारोदारी आंब्याची तोरणे, वाटीवाटीतून कडुनिंबाच्या फुलांची पच्चडी. मुसलमानांचा तो एकोणतिसावा रोजा. स्नेह्यांच्या पत्नीने पुरणपोळ्यांचा डबा दुपारीच शेजारी नेऊन दिला; तो त्या माउलीने सूर्यास्तासाठी झाकून ठेवला. सायंकाळी सूर्य कलल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. स्नेह्यांनी गुढी उतरविली, साखरेची गाठी नातवाच्या गळ्यात घातली. समोरच्या गच्च्यांवर माणसे पश्चिमेकडे डोळे लावून उभी होती. आपली ती चैत्र शुद्ध द्वितीयेची, बीजेची कोर. त्यांचा तो ईदचा चंद्र. प्रथम कोणा मुलाने ओरडून बोट दाखविले, मग आम्हांसही दिसला. थोड्या वेळाने ते वृद्ध शिक्षक काखेत वळकटी घेऊन गल्लीतून सावकाश घराकडे येताना दिसले. दहा दिवसांची पांढरी दाढी वाढलेली, चालीत थकवा. खालूनच त्यांनी हाक दिली, “नानासाहेब, पाडव्याच्या शुभेच्छा. पोळी शिल्लक आहे ना?”